लोकेशन टाकायचं की नाही, हे जागा किती सोसते त्यावर ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. फारशा कुणाला माहीत नसलेल्या एका धबधब्याचा रील तुम्ही अचूक लोकेशनसकट टाकला. तो तुमच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त लोकांनी पाहिला. काही आठवड्यांनी तुम्ही पुन्हा तिथे गेलात, तेव्हा पायवाट चिखलाने पसरलेली, कडेला कचरा पडलेला आणि खालच्या अरुंद रस्त्यावर गाड्या वेड्यावाकड्या लावलेल्या दिसल्या. आता काही जण तुम्हाला दोष देतायत, तर काही जण म्हणतात की निसर्ग सगळ्यांचा आहे, लपवायचं कशाला. टॅग काढून टाकावा का आणि यापुढे लोकेशन देणं बंदच करावं का, असं तुम्ही विचारलंय.

पायवाटांची देखभाल आणि संवेदनशील जागांवरच्या गर्दीचं नियोजन हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे, आणि हा प्रश्न माझ्यापुढे सतत येतो. माझ्या मते टॅग चांगला की वाईट यावर वाद घालून काही हाती लागत नाही. खरे प्रश्न दोन आहेत: अचानक वाढलेली पावलं ती जागा सोसू शकते का, आणि तुमचा फोटो बघून निघालेल्या माणसाला फोटोपलीकडची माहिती मिळते का. दोन्हींची उत्तरं जागेगणिक बदलतात, ऋतूगणिकही बदलतात. म्हणून सरसकट हो किंवा नाही असं उत्तर मी देणार नाही, पण मी स्वतः कसं ठरवते ते नीट सांगते.

सुरुवात जमिनीपासून करू, कारण बहुतेकांचा अंदाज तिथेच चुकतो. आपल्याला वाटतं की शंभर माणसांनी थोडं नुकसान होतं आणि दहा हजार माणसांनी त्याच्या शंभरपट. पायदळी तुडवल्या जाणाऱ्या गवताची, शेवाळाची, मातीची अनेक देशांत दशकानुदशकं मोजमापं झाली आहेत, आणि त्यातून पुन्हापुन्हा एकच गोष्ट दिसते: सर्वांत जास्त नुकसान सुरुवातीच्या थोड्या पावलांतच होतं. मऊ देठांची, ओलसर जागी वाढणारी झुडपं असतील तर एका हंगामात काही शे पावलंसुद्धा तिथली बहुतेक हिरवाई घालवायला पुरतात. माती एकदा दाबली जाऊन उघडी पडली, की पुढची हजार माणसं त्यात तुलनेने कमीच भर घालतात, अर्थात ती त्याच वाटेवरून चालली तर. भरून येणं मात्र फार सावकाश होतं. आठवड्याभरात तुडवलेला तुकडा पूर्ववत व्हायला काही ठिकाणी वर्षं लागतात, आणि थंड प्रदेशातल्या शेवाळाला तर काही दशकं.

याचा तुमच्या प्रश्नाशी थेट संबंध आहे. जिथे दगडी पायऱ्या आहेत, कठडा आहे, शौचालय आहे, अशा प्रसिद्ध ठिकाणाला तुम्ही टॅग केलंत तर जमिनीला फारसा फरक पडत नाही. तिथे जे व्हायचं ते आधीच होऊन गेलेलं असतं आणि ते पेलण्याची सोय केलेली असते. जिथे कालपर्यंत दिवसाला चार माणसं जात होती, तिथे मात्र टॅगनंतर येणारी पहिली काही शे माणसं सगळ्यांत महागात पडतात. त्यामुळे ‘गर्दी टाळा, ही अपरिचित ठिकाणं बघा’ या प्रकारच्या पोस्टची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असतो. प्रसिद्ध ठिकाणांवरचा भार हलका होईल असं त्याला मनापासून वाटतं. प्रत्यक्षात मात्र गर्दी पेलायची तयारी असलेल्या जागेवरून तयारी नसलेल्या जागेकडे ती वळते, आणि मूळच्या ठिकाणची गर्दी काही डोळ्यांना दिसेल इतकी कमी होत नाही.

पायवाट कशी पसरते ते जवळून सांगते, म्हणजे तुम्ही जे पाहिलंत त्याचा उलगडा होईल. ओल्या दिवसांत वाटेच्या मधोमध एक डबकं साचतं. सरावलेला माणूस जाड तळाचे बूट घालून त्यातूनच जातो. फोटोसाठी आलेला माणूस साध्या कॅनव्हासच्या बुटांत असतो, तो डबक्याच्या कडेने गवतावरून जातो. कडेचं गवत दबतं, तिथे चिखल होतो, पुढचा माणूस आणखी बाहेरून जातो. काही दिवसांत पाऊलभर वाटेची रुंदी माणसाच्या उंचीएवढी होते. मग पाऊस त्या उघड्या मातीवरून धावतो आणि वाटेचाच ओहोळ होतो. वाट पाण्याने खणली गेली की लोक तिच्या शेजारून दुसरी पाडतात. त्यानंतर नुसती फांद्या टाकून आडकाठी करून भागत नाही. पाणी वळवायला चर काढावे लागतात, दगड बसवावे लागतात. हे सगळं हातानं करायचं काम आहे, कारण अशा जागी यंत्र नेता येत नाही.

आइसलँडमधल्या फ्याद्रारग्ल्यूवुर नावाच्या घळीत हेच मोठ्या प्रमाणावर झालं. 2015 मध्ये जस्टिन बीबरच्या एका संगीत-चित्रफितीत ती दिसली आणि पुढच्या काही वर्षांत लाखो लोक तिथे पोचले. बर्फ वितळायच्या दिवसांत तिथली जमीन भिजलेली असते, आणि लोक वाट सोडून शेवाळावरून चालायला लागले. शेवटी तिथल्या पर्यावरण यंत्रणेला 2019 च्या वसंतात घळ बंद ठेवावी लागली, तरी कुंपण ओलांडून जाणारे होतेच. ती जागा अशी वर्षभर नाजूक नसते. कोरड्या उन्हाळ्यात तेवढीच माणसं आली असती तर नुकसान बरंच कमी झालं असतं. मी ऋतूवर भर देते तो यासाठीच.

दुसरा मुद्दा वेगाचा. पूर्वीही जागा प्रसिद्ध व्हायच्या, पण त्याला वर्षं लागायची. तेवढ्या वेळात कुणीतरी पार्किंग आखायचं, पाटी लावायचं, स्वच्छतागृह बांधायचं. आता ही मधली वर्षं मिळतच नाहीत. अ‍ॅरिझोनातलं हॉर्सशू बेंड घ्या, कोलोराडो नदीने घोड्याच्या नालासारखं वळण घेतलंय ती जागा. एकेकाळी रस्त्याने जाता जाता थोडे लोक थांबायचे, एवढंच तिचं नाव होतं. पुढच्या दशकभरात फोटोंमधून ती जगभर पोचली आणि वर्षाला येणाऱ्यांची संख्या 20 लाखांच्या आसपास गेली. खोल कड्याच्या काठावर कठडा बसला तो 2018 मध्ये, आणि लगतच्या पेज शहराने पार्किंगचं शुल्क सुरू केलं ते 2019 मध्ये. म्हणजे गर्दी आधी आली आणि सोय मागून. मधल्या काळात त्या काठावर काय धोका होता, याची कल्पना करा.

जिथे जागेला मालक आहे पण व्यवस्थापन नाही, तिथे भार थेट घरांवर पडतो. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात पॉमफ्रेट नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या एका खाजगी शेतघराचा, शरदातल्या रंगीत झाडांमधला फोटो इतका पसरला, की अरुंद कच्च्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगा लागू लागल्या, लोक आवारात शिरू लागले, आणि वाट अडल्यामुळे रुग्णवाहिका कशी जाणार असा प्रश्न उभा राहिला. 2023 मध्ये पानगळीच्या त्या आठवड्यांपुरता गावाने तो रस्ता बाहेरच्या वाहनांना बंद केला. ते कुणाचं तरी राहतं घर आहे, हे फोटोत कुठेच दिसत नाही. तुमच्या धबधब्याची वाट कुणाच्या जमिनीतून जाते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते आधी शोधून काढा, कारण त्यावर पुढचं बरंच अवलंबून आहे.

आता मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टीकडे येते. पूर्वी एखाद्या जागेचा पत्ता माणसाकडून माणसाकडे जायचा आणि त्याच्यासोबत बाकीचं सगळं जायचं: कधी जायचं, कधी मुळीच जायचं नाही, पाणी किती न्यायचं, कुठल्या दगडावर पाय ठेवायचा नाही, कुणाला विचारून जायचं. टॅगमध्ये फक्त पत्ता जातो. बाकीचं गळून पडतं. माझ्या कामातल्या निम्म्याहून जास्त अडचणी या गळलेल्या भागातून येतात. येणारा माणूस वाईट नसतो, त्याला कुणी काही सांगितलेलं नसतं.

नॉर्वेतलं ट्रोलटुंगा हे याचं ठळक उदाहरण. तलावावर सुमारे 700 मीटर उंचीवर पुढे आलेला तो खडक आणि त्याच्या टोकावर उभा एकटा माणूस, हा फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल. 2010 मध्ये तिथे वर्षाला सुमारे 800 लोक जायचे, 2016 मध्ये तो आकडा 80,000 च्या घरात गेला. फोटोत दिसत नाही ते हे की जाऊन येऊन जवळजवळ 27 किलोमीटर चालावं लागतं, त्याला दहा-बारा तास लागतात, आणि हवा तासाभरात पालटते. पुरेसे कपडे नसलेली, दमलेली, अंधारात अडकलेली माणसं शोधून आणायला बचाव पथकांना वारंवार धावावं लागलं. फोटोतला तो एकटेपणाही फसवा असतो, कारण उन्हाळ्यात त्या टोकावर जायला रांग लागते आणि ती रांग कुणी फोटोत घेत नाही.

नकाशातल्या पिनचंही असंच. पिन म्हणजे वाट नव्हे, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. 2021 मध्ये स्कॉटलंडमधल्या जॉन म्यूर ट्रस्ट आणि माउंटनिअरिंग स्कॉटलंड या संस्थांनी जाहीर इशारा दिला होता, की बेन नेव्हिस शिखरासाठी गुगल मॅप्स लोकांना ज्या बाजूने नेतंय ती वाट जिवावर बेतू शकते. अ‍ॅप शिखराच्या सरळ रेषेत सर्वांत जवळच्या गाडीतळापर्यंत नेत होतं, आणि तिथून पुढे अवघड कड्यांचा भाग होता. तुमच्या धबधब्याची पिन तुम्ही पाण्याच्या अगदी जवळ टाकली असेल, तर अ‍ॅप लोकांना जवळच्या कुठल्याही रस्त्यावर सोडेल आणि तिथून ते झाडीत घुसून स्वतःची वाट काढतील. नव्या वाटा बऱ्याचदा अशाच पडतात.

तरीही सगळा दोष टॅगवर टाकणं प्रामाणिक होणार नाही. थायलंडमधली माया बे एका चित्रपटामुळे जगाला माहीत झाली, आणि ती गर्दी इन्स्टाग्राम जन्मायच्या आधी सुरू झाली होती. प्रवाळ इतकं खराब झालं की जून 2018 मध्ये ती बंद करावी लागली आणि जानेवारी 2022 मध्ये मर्यादित संख्येने पुन्हा उघडली. आता होड्यांना खाडीत शिरू देत नाहीत. स्वस्त विमान तिकिटं, नवा रस्ता, पर्यटन मंडळाची जाहिरात, सलग सुट्ट्या, हे सगळं एकाच वेळी चालू असतं. तुमच्या रीलमुळे नेमकी किती माणसं आली हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

एखाद्या जागेचा फोटो पसरलाय का, याचा अंदाज मात्र जमिनीवरून येतो. माणसं सगळीकडे न फिरता एकाच कोनाकडे जातात. मुख्य वाटेपासून त्या कोनापर्यंत एक बारीक, सरळ, नवी रेघ उमटते. तिच्या टोकाला हातभर जमीन गुळगुळीत झालेली असते. आड येणारी फांदी मोडलेली असते. सगळ्यात जवळच्या झुडपामागे टिश्यू पेपर असतात, कारण शौचालय नाही आणि लोक लांबून आलेले आहेत. तुम्ही पुन्हा जाल तेव्हा तुमच्या रीलमधली चौकट जिथून घेतली होती तिथे अशी रेघ गेली आहे का ते बघा. गेली असेल तर तुमच्या किंवा तुमच्यासारख्याच फोटोचा त्यात वाटा आहे. कचरा नुसता गाडीतळाजवळ असेल, तर कारण दुसरं असू शकतं.

आता ‘निसर्ग सगळ्यांचा आहे’ या मुद्द्याकडे. मी तो गंभीरपणे घेते. ज्यांच्या घरात डोंगर चढण्याची परंपरा आहे, ज्यांचे मित्र वाटा जाणतात, त्यांना लोकेशन टॅगची गरज कधीच नव्हती. ज्यांना असं कुणी नाही, त्यांच्यासाठी टॅग हाच पहिला दरवाजा होता. ‘आम्ही जाऊ, तुम्ही नको’ असा सूर त्यांना बरोबर ऐकू येतो, आणि त्यांचा राग रास्त आहे. लीव्ह नो ट्रेस या अमेरिकी संस्थेने 2018 मध्ये अचूक लोकेशनऐवजी मोठ्या प्रदेशाचं नाव टाका असा सल्ला दिला. त्यावरून लोक एकमेकांना जाहीरपणे झोडपू लागले, आणि पुढे ‘टॅग करण्याआधी विचार करा, पण कुणाला लाज आणू नका’ असा सौम्य सूर संस्थेने घेतला. मला हा बदल पटतो. लाजवलेला माणूस पुढच्या वेळी माहिती द्यायचं सोडून देतो, फोटो मात्र टाकतोच.

पण सगळ्यांचा हक्क मान्य करूनही जागेची मर्यादा तिथेच राहते. ओल्या उतारावरची माती, आलेला माणूस परंपरेने डोंगर चढणारा आहे की पहिल्यांदाच आलेला, हे बघत नाही. म्हणून मी हक्काचा आणि मर्यादेचा प्रश्न वेगवेगळा ठेवते. लोकांना बाहेर आणायचंय तर भार पेलणाऱ्या जागा मोकळ्या मनाने, अचूक पत्त्यासकट आणि पूर्ण माहितीसकट सांगाव्यात. न पेलणाऱ्या जागांबाबत पत्ता राखून ठेवण्यात मला काही अन्याय दिसत नाही.

एका बाबतीत माझं उत्तर ठाम आहे: घरटी, गुहा, दुर्मीळ वनस्पती, तस्करी होणारे प्राणी. यांचं लोकेशन द्यायचं नाही, मोघमही नाही. डेव्हिड लिंडेनमायर आणि बेन शील या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात शास्त्रज्ञांनाच विनंती केली होती की दुर्मीळ प्रजातींच्या नेमक्या जागा प्रसिद्ध करू नका. चीनमधल्या एका गुहापालीचं शास्त्रीय वर्णन 1999 मध्ये झालं आणि ती जिथून नोंदली गेली होती तिथून पकडून पकडून संपवली गेली. लोकांनी पाहिलेल्या सजीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर धोक्यातल्या प्रजातींच्या नोंदींची जागा आपोआप धूसर केली जाते, पक्षीनोंदींचं ईबर्डही काही पक्ष्यांच्या नोंदी झाकून ठेवतं, त्याचं कारण हेच. तुमच्या रीलमध्ये मागे कुठे कड्यावरचं घरटं दिसत असेल, तर बाकी काही विचार न करता तो भाग काढून टाका.

व्यवस्थापनाकडून काय चालतं आणि काय चालत नाही, हेही थोडं सांगते, कारण तुम्हाला तिथल्या लोकांशी बोलावं लागेल. नुसतं दृश्य झाकणं फारसं टिकत नाही. जपानमधल्या फुजिकावागुचिको गावात एका दुकानामागे फुजी पर्वत दिसतो, तो फोटो घ्यायला लोक रहदारीच्या रस्त्यात उभे राहायचे. मे 2024 मध्ये तिथे 2.5 मीटर उंच आणि 20 मीटर लांब काळी जाळी लावली. लोकांनी तिला भोकं पाडली, आणि ऑगस्टमध्ये वादळाच्या भीतीने ती काढली. ऑस्ट्रियातल्या हालश्टाट गावाने 2023 मध्ये असंच लाकडी कुंपण उभारलं आणि टीका झाल्यावर लवकरच काढून घेतलं. गावकऱ्यांचा त्रास खरा होता, मला त्यांच्याबद्दल सहानुभूती आहे. पण लोक येतात कसे आणि थांबतात कुठे, याला कुंपणाने हात लागत नाही.

याउलट फ्रान्सच्या कालांक राष्ट्रीय उद्यानाने सुजितों या छोट्या खाडीसाठी 2022 च्या उन्हाळ्यापासून आगाऊ नोंदणी सक्तीची केली. दिवसाला 400 माणसं, नोंदणी मोफत. त्याआधी गर्दीच्या दिवशी तिथे 2,500 पर्यंत लोक यायचे आणि पाइन वृक्षांची मुळं मातीबाहेर पडली होती. शिवाय उद्यानाने आपल्याच संकेतस्थळावर गर्दीने भरलेल्या किनाऱ्यांचे खरे फोटो टाकले, म्हणजे रिकाम्या निळ्या खाडीची अपेक्षा घेऊन कुणी येणार नाही. मला हा मार्ग सगळ्यात प्रामाणिक वाटतो. संख्या जागेच्या कुवतीवर ठरते, पैशावर ठरत नाही, आणि येणाऱ्याला काय मिळणार हे आधी कळतं. याला मनुष्यबळ लागतं, प्रवेशाची वाट मोजकी असावी लागते. चारही बाजूंनी मोकळ्या जंगलात हे जमत नाही, तिथे माहिती आणि पाट्यांवरच भिस्त ठेवावी लागते.

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातल्या जॅक्सन होलच्या पर्यटन मंडळाने 2018 मध्ये अचूक जागेऐवजी सगळ्या परिसराचा एकच सामायिक टॅग वापरा अशी मोहीम काढली, कारण जवळच्या ग्रँड टेटन उद्यानातल्या डेल्टा लेकसारख्या, अधिकृत पायवाट नसलेल्या तळ्यापाशी माणसं वाढली होती. अशा मोहिमा चांगल्या आहेत, पण त्या मुळात काळजी घेणाऱ्यांपर्यंतच लवकर पोचतात. त्यांच्यावर विसंबून पायवाटेचं काम पुढे ढकललं तर फसगत होते.

तर मी स्वतः कसं ठरवते? फोटो टाकण्याआधी जागा डोळ्यांसमोर आणते. वाट पक्की आहे का, गाड्या कुठे लागतात, शौचालय आहे का, जागेची जबाबदारी कुणाची, आणि मी पन्नास अनोळखी माणसांना उद्याच तिथे पाठवायला तयार आहे का. शेवटच्या प्रश्नाला मन कचरलं तर अचूक लोकेशन देत नाही, जिल्हा किंवा डोंगररांगेचं नाव देते. जागा पेलणारी असेल तर उलट भरपूर माहिती देते. यात कुठे थांबायचं याची रेघ प्रत्येकाची थोडी वेगळी पडेल. ज्याला शे-दीडशे ओळखीचे लोक बघतात त्याचा टॅग आणि लाखो फॉलोअर्स असलेल्याचा टॅग यांत फरक आहेच. पण तुमच्या बाबतीत दिसलं तसं, रील किती लांब जाईल हे टाकणाऱ्याच्या हातात नसतं, म्हणून मी सगळ्यात वाईट शक्यता धरूनच चालते.

तांत्रिक बाजू थोडक्यात. लोकेशन तीन ठिकाणांहून बाहेर पडतं. एक, तुम्ही स्वतः लावलेला टॅग. दुसरं, फोटोच्या फाइलमध्ये कॅमेऱ्याने नोंदवलेले अक्षांश-रेखांश. मोठी समाजमाध्यमं फोटो दाखवताना हे सहसा काढून टाकतात, पण मूळ फाइल ईमेलने, क्लाउडच्या लिंकने किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर ते तसेच जातात. नाजूक जागी जाताना कॅमेऱ्याची लोकेशनची परवानगीच बंद ठेवा. तिसरं म्हणजे दृश्य. मागची डोंगराची कड, मैलाचा दगड, फाट्यावरची पाटी यांवरून जाणकार जागा ओळखतातच. म्हणून लपवल्याने जागा कायमची सुरक्षित राहील असं समजू नका. लपवल्याने वेग कमी होतो, आणि पायवाटेच्या कामासाठी तोच वेळ मोलाचा असतो.

आता तुम्ही काय करायचं. रील काढून टाकू नका, असं मी सुचवेन. ज्यांना जागा कळायची त्यांना कळली आहे, दुसऱ्यांनी तिचे व्हिडिओ टाकले असतील, आणि तुमचा रील गेला तर लोकांना योग्य गोष्ट सांगू शकणारं तेवढं एक ठिकाणही जाईल. एका परिस्थितीत मात्र काढाच: वाट खाजगी जमिनीतून जात असेल आणि मालकाची परवानगी नसेल तर. एरवी अचूक टॅग काढून परिसराचं नाव ठेवा. मजकुरात सगळ्यात वर सध्याची अवस्था लिहा: वाट ओली आहे आणि खराब होते आहे, जमीन सुकेपर्यंत जाऊ नका, खाली गाडी लावायला जागा नाही, शौचालय नाही. तेच पहिल्या कॉमेंटमध्ये लिहून ती पिन करा. तुमच्या दुसऱ्या भेटीत दिसलेला चिखल आणि गाड्या यांचा एक छोटा व्हिडिओही टाका. सुंदर फोटो बघून निघणाऱ्याला थांबवायला तो कुठल्याही विनंतीपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

वैयक्तिक निरोपातून लोक पत्ता विचारत राहतील. त्यांना ‘सांगणार नाही’ म्हणून तोडू नका. सध्या ती वाट आजारी आहे, त्याऐवजी अमुक जागी जा, तिथे पायऱ्या आहेत, सोय आहे, असं सांगा आणि त्या दुसऱ्या जागेचा पूर्ण पत्ता द्या. बहुतेकांना धबधबा हवा असतो, तोच धबधबा हवा असतो असं नाही.

आणि जागेची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे, वनखातं असो, स्थानिक प्रशासन असो की जमीनमालक, त्यांना कळवा. ‘गर्दी फार वाढलीय’ एवढंच लिहिलंत तर त्यावर काही हलत नाही. कुठल्या वारी, किती वाजता, साधारण किती गाड्या, वाट कुठून कुठपर्यंत रुंदावली, पाणी कुठे वाटेवर येतं, असं लिहा. सोबत दोन फोटो द्या: तुमच्या पहिल्या भेटीतला वाटेचा एखादा असेल तर तो, आणि त्याच जागेवरून, त्याच दिशेने आता काढलेला. रुंदीचा अंदाज यावा म्हणून चौकटीत एखादी काठी आडवी ठेवा. फोटो कुठे उभं राहून काढला ती खूण, मोठा दगड किंवा झाड, लिहून द्या, म्हणजे वाट दुरुस्त झाल्यावर त्यांना तिथूनच पुन्हा फोटो काढून फरक मोजता येईल.